बंब गेला, गिझर आला. धूर मात्र घरातच राहिला

थंडी पडू लागली की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारचे पेशंट हमखास वाढतात. एक सर्दी-खोकल्याचे आणि दुसरे दम्याचे. गेल्या काही वर्षांत त्यात तिसऱ्या प्रकाराची भर पडली आहे. हे पेशंट सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येतात. बहुधा ओल्या अंगाने, चादरीत गुंडाळून आणलेले असतात, आणि बरोबरची माणसे एकच वाक्य बोलतात, "डॉक्टर, बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले."

आजचा लेख या पेशंटांविषयी आहे आणि त्यांच्या बाथरूममधल्या गॅस गिझरविषयी आहे. डॉक्टरने गिझरच्या दुरुस्तीवर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या बाबतीत माझ्या हातून एकदा चूक झालेली आहे. ती आधी सांगतो, म्हणजे हा विषय मी का घेतला ते कळेल.

कांदा, गोळ्या आणि चुकलेले निदान

२०११ सालच्या डिसेंबर महिन्यातील गोष्ट. सकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या पेठेतील एका शिक्षकांचा शाळकरी मुलगा धापा टाकीत आला. "डॉक्टरकाका, लवकर चला, ताईला फिट आली." मी बॅग घेऊन तसाच निघालो. मुलगी एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी. बाथरूमची कडी तोडून तिला बाहेर ओसरीवर आणून निजवले होते. शेजारच्या आजी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरून बसल्या होत्या. हातापायांचे झटके नुकतेच थांबले होते. मी तपासत असतानाच तिने डोळे उघडले, भांबावून इकडेतिकडे पाहिले, एक उलटी केली आणि डोके फार दुखते म्हणाली.

तिला जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. सीटी स्कॅन झाला, ईईजी झाला. दोन्ही नॉर्मल. गरम पाणी डोक्यावर घेतल्याने येणारी फिट हा एक खरा आजार आहे आणि आपल्या देशात, विशेषतः दक्षिणेकडे, तो आढळतो. तेच माझ्या डोक्यात बसले. मी फिटच्या गोळ्या सुरू केल्या आणि निदान तीन वर्षे तरी त्या सोडायच्या नाहीत असे बजावले. त्या सुमारास मुलीसाठी एक स्थळ चालून आले होते. फिटची गोष्ट लपविणे बरे नव्हे म्हणून वडिलांनी ती पाहुण्यांना सांगितली. बोलणी तिथेच थांबली.

पुढे जानेवारीत, संक्रांत झाल्यावर, पुन्हा त्याच घरून बोलावणे आले. या वेळी ओसरीवर निजवलेला होता तो मला पहिल्यांदा बोलवायला आलेला तिचा भाऊ. तेच झटके, तीच उलटी, तीच डोकेदुखी. एका घरात सहा आठवड्यांत दोघांना फिट यावी आणि दोघांनाही बाथरूममध्येच यावी, हे काही माझ्या मनाला पटेना. मी प्रथमच त्या बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. खरे म्हणजे हे मी डिसेंबरातच करायला हवे होते.

पाच फूट लांब, पाच फूट रुंद अशी ती न्हाणी. थंड वारा येतो म्हणून एकुलत्या एका झरोक्याला पुठ्ठा ठोकलेला. दाराच्या वर गॅसचा गिझर, आणि त्याच्या वरच्या छतावर ताटाएवढा काजळीचा काळा डाग. नळ सोडायला सांगितला तर गिझर पेटला, पण आतली ज्योत निळी नव्हती. पिवळी होती आणि फडफडत होती. विचारता कळले की गिझर दिवाळीतच बसवला होता. सुरुवातीस तो आठ-दहा मिनिटांनी आपोआप विझत असे. एका दुरुस्ती करणाऱ्याने आतली एक वायर परस्पर जोडून तो "डायरेक्ट" करून दिला होता. तेव्हापासून विझायचा बंद झाला, म्हणून घरची मंडळी खूश होती.

गिझर विझत होता तो बिघडला म्हणून नव्हे. कोंडलेल्या न्हाणीतला ऑक्सिजन कमी झाल्याची ती सूचना होती. दुरुस्ती करणाऱ्याने ती सूचना वायर जोडून बंद केली, आणि मुलीच्या शरीराने दिलेली सूचना मी गोळ्या देऊन बंद केली. दोघांनीही मूळ कारणाकडे पाहिले नाही.

दिसत नाही, वास येत नाही

गॅस पूर्ण जळायला भरपूर हवा लागते. तशी ती मिळाली तर ज्योत निळी राहते आणि कार्बन डायॉक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही, डोळे चुरचुरत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. "वास आला नाही, म्हणजे गॅसचा काही संबंध नाही," असे लोक म्हणतात. सिलिंडरमधल्या गॅसलाही स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे एक रसायन मुद्दाम मिसळतात. पण गॅस जळताना ते रसायनही जळून जाते. म्हणजे गळणाऱ्या गॅसला वास येतो, आणि अर्धवट जळलेल्या गॅसपासून झालेल्या कार्बन मोनॉक्साइडला येत नाही. हे दोन धोके वेगळे आहेत. वास येत नाही एवढ्यावरून दुसरा धोका नाही असे समजू नये.

आता थोडे गणित करू. पाच फूट बाय पाच फूट आणि आठ फूट उंचीच्या न्हाणीत २०० घनफूट हवा असते. नेहमीचा सहा लिटरचा गिझर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला सुमारे १२ घनमीटर, म्हणजे सव्वाचारशे घनफूट हवा लागते. पंधरा मिनिटांची आंघोळ धरली तरी ८० ते १०० घनफूट हवेतला ऑक्सिजन गिझर खाऊन टाकतो. दार-खिडकी बंद असेल तर निम्मी न्हाणी संपली! शिवाय आत आंघोळ करणारा माणूस त्याच हवेत श्वास घेत असतो. हवेत एरवी सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १८ टक्क्यांकडे झुकू लागला की ज्योत बिघडते आणि विषारी वायूचे प्रमाण भराभर वाढू लागते. म्हणून पहिल्याला काही होत नाही आणि लागोपाठ तिसरा आंघोळीला जातो तो पडतो, असे पुष्कळदा घडते.

रुमाल टाकून धरलेली जागा

हा वायू शरीरात काय करतो? आपल्या रक्तात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. ते फुप्फुसातून ऑक्सिजन घेऊन साऱ्या शरीराला पोचवते. हिमोग्लोबिनला एस.टी.ची गाडी समजा आणि ऑक्सिजन म्हणजे रांगेत उभा असलेला सज्जन प्रवासी. कार्बन मोनॉक्साइड हा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारा. ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे तो हिमोग्लोबिनला चिकटतो आणि लवकर उठत नाही. गाडी धावत असते, पण ऑक्सिजनला त्यात जागा नसते. ज्यांना ऑक्सिजन सर्वांत जास्त लागतो त्या मेंदूची आणि हृदयाची त्यामुळे प्रथम उपासमार होते.

म्हणून लक्षणेही तशीच दिसतात. आधी डोके जड होते, कपाळ ठणकते, मळमळते, छातीत धडधडते. मग गुडघ्यातून बळ जाते. आपल्याला काहीतरी होते आहे हे कळते, पण कडीपर्यंत हात जात नाही. त्यानंतर बेशुद्धी, कधी झटके, आणि वेळेवर बाहेर काढले नाही तर मृत्यू.

ब्रिटनमधील शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली हा वायू स्वतः हुंगून त्याचे परिणाम नोंदवले होते. लहान प्राण्यांना त्याची बाधा माणसाच्या आधी होते हे त्यांनी दाखवले आणि पुढे तिकडच्या कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्ष्यांचे पिंजरे नेऊ लागले. पक्षी कोसळला की माणसे बाहेर पळत. १९८६ साली ती प्रथा बंद करण्याचा निर्णय झाला आणि पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेतली. आपल्या घरात पक्षीही नाही आणि यंत्रही नाही. मग बाधा प्रथम होते ती लहान मुलांना, हृदयविकार असलेल्या वृद्धांना आणि गरोदर बाईच्या पोटातील बाळाला.

बाळंतिणीच्या शेगडीविषयीही येथेच सांगतो. आपल्याकडे बाळ-बाळंतिणीला शेक देण्यासाठी खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतात आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडक्या लावून घेतात. धूर नसला तरी निखाऱ्यांतून हाच वायू निघत असतो. शेक द्यायचाच असेल तर खिडकी उघडी ठेवून द्या, आणि शेगडी खोलीत ठेवून कोणीही झोपू नका.

कोणी पडले तर काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे कांदा, चप्पल, तोंडावर पाणी, हे सारे विसरा. रोग्याला जर काही हुंगवायचे असेल तर ती मोकळी हवा.

दार पूर्ण उघडा किंवा तोडा. श्वास रोखून आत जा आणि माणसाला ओढून अंगणात किंवा गच्चीवर आणा. हाताशी असेल तर गॅसची कळ बंद करा, पण त्यासाठी आत थांबू नका. वाचवायला गेलेला दुसरा माणूसही कोसळल्याचे मी पाहिले आहे. बाहेर आणल्यावर श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात पाणी, चहा काही घालू नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबण्यास सुरुवात करा आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवा.

डॉक्टरांना एक वाक्य आठवणीने सांगा, "बाथरूममध्ये गॅसचा गिझर चालू होता." या एका वाक्याने उपचार बदलतो. साध्या हवेत ठेवले तर रक्तातील निम्मा विषारी वायू निघून जायला चार ते पाच तास लागतात. घट्ट मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेच काम एक ते दीड तासात होते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता बऱ्याच घरांत आहे. पण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक कळत नाही, त्यामुळे विषबाधेतही तो ९८ दाखवू शकतो. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्यायलाच हवे. काही जणांना दोन-चार आठवड्यांनी विसरभोळेपणा, चिडचिड, चालताना तोल जाणे असे त्रास सुरू होतात. त्याचीही नोंद ठेवावी.

बंब अंगणात का होता?

माझ्या लहानपणी आमच्या घरी तांब्याचा बंब होता. तो मागच्या अंगणात असे. लाकडे, गोवऱ्या जळत, नळीतून धूर आभाळात जाई आणि गरम पाण्याची बादली तेवढी न्हाणीत येई. धूर आणि माणूस यांच्यामध्ये भिंत असावी हे आपल्या आजी-आजोबांना शाळेत न जाताही कळत होते. कारण बंबाचा धूर डोळ्यांत जाई. गिझरचा धूर डोळ्यांत जात नाही, म्हणून आपण तो खुशाल डोक्यावर टांगून घेतला.

२०१८ सालच्या हिवाळ्यात मी व पत्नी अमेरिकेत शिकागोजवळ भाच्याकडे महिनाभर राहिलो. तिकडे पाण्याबरोबर सारे घरच तापवावे लागते. त्यासाठी तळघरात गॅसची मोठी भट्टी असते, तिला ते फर्नेस म्हणतात. भट्टीत गॅस एका बंद लोखंडी कप्प्यात जळतो आणि त्याचा धूर नळाने थेट घराबाहेर जातो. घरातली हवा त्या कप्प्याच्या बाहेरून फिरून तापते. धूर आणि हवा एकमेकांना भेटत नाहीत. म्हणजे आपल्या बंबाचेच तत्त्व!

एका रात्री ती भट्टी बंद पडली. बाहेर उणे तापमान. मला वाटले भाचा आता कोणाला तरी बोलावून ती "डायरेक्ट" करून घेईल. पण भट्टीवर एक छोटा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत होता. झाकणाच्या आतल्या तक्त्यात त्याने पाहिले, तर भट्टी फाजील तापल्याने स्वतःहून थांबली आहे असा त्याचा अर्थ निघाला. हवेची गाळणी धुळीने बुजली होती. ही गाळणी एक ते तीन महिन्यांनी बदलायची असते. तो विसरला होता. नवी गाळणी घातली, भट्टी सुरू झाली. दर वर्षी थंडीपूर्वी जाणकार माणूस येऊन ज्योत, धुराचा नळ आणि लोखंडी कप्प्याला चीर पडली आहे का हे तपासून जातो. शिवाय त्या इलिनॉय राज्यात झोपायच्या खोलीपासून पंधरा फुटांच्या आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावणे कायद्याने सक्तीचे आहे. तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या आईवडिलांनी फोनवर जेवणाची चौकशी करताना या अलार्मची आणि बर्फाने धुराचा नळ बुजला नाही ना याचीही चौकशी जरूर करावी.

गिझर कुठे व कसा असावा?

आपल्याकडे नियम सोपा आहे. गिझर बाथरूमच्या बाहेर, उघड्या गॅलरीत किंवा मागच्या अंगणात, पावसापासून आडोसा करून बसवा. भिंतीतून गरम पाण्याचा पाइप फक्त आत न्या. गिझरचा धूर न्हाणीच्या झरोक्यातून परत आत येणार नाही एवढे अंतर ठेवा. सिलिंडरही बाहेर आणि उभाच असावा. घेताना आयएसआय चिन्ह पाहून घ्या.

ज्यांचा गिझर आज आतच आहे त्यांनी बाहेर हलवेपर्यंत असे करावे. न्हाणीचे दार उघडे ठेवून बादली भरावी. गिझर बंद करावा. पाच मिनिटे हवा खेळू द्यावी. मग दार लावून आंघोळ करावी. न्हाणीला जमिनीलगत एक आणि छताजवळ एक अशी दोन कायमची उघडी छिद्रे हवीत. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही. हवा आत येण्याची वाट नसेल तर पंखा तरी काय ओढणार? ही तात्पुरती सोय आहे, हे मात्र लक्षात ठेवा.

गिझर काय सांगतो?

नळ सोडला तरी टिकटिक आवाजच येत नाही: बहुधा आतले सेल संपलेले असतात, किंवा टाकीत पाणी कमी असल्याने दाब पुरत नाही. सेल बदलून पाहा. पाणी आत येते तिथली बारीक जाळी काढून धुवा. हे काम घरी करता येते.

टिकटिक होते पण पेटत नाही: सिलिंडर संपला आहे का, रेग्युलेटर चालू आहे का ते पाहा. नवा सिलिंडर लावल्यावर पाइपातली हवा निघेपर्यंत एक-दोनदा असे होते. दोन-तीन प्रयत्नांत पेटला नाही तर थांबा. न जळलेला गॅस साठत असतो, आणि तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत राहतो.

भडका होऊन पेटतो: बर्नर घाण झाला आहे किंवा ठिणगी उशिरा पडते. वापर थांबवून जाणकाराला दाखवा.

पेटतो आणि काही मिनिटांनी विझतो: हवा कमी आहे किंवा यंत्र फाजील तापते आहे. कारण शोधा. कोणीही "डायरेक्ट करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

ज्योत पिवळी, छतावर किंवा झाकणावर काजळी, आंघोळीनंतर रोज डोकेदुखी: या तिन्हींपैकी एक जरी असेल तरी त्याच दिवशी गिझर बंद.

पाणी पूर्वीसारखे तापत नाही: बोअरच्या जड पाण्याने आतल्या नळीत क्षार साठतात, आणि बाहेरच्या तांब्याच्या पात्यांत काजळी अडकते. काजळीने पात्या बुजल्या की धुराला वर जायला वाट राहत नाही. म्हणजे कमी तापणारे पाणी हीसुद्धा धोक्याची खूण असू शकते.

देखभालीचे वेळापत्रक असे ठेवा. आठवड्यातून एकदा ज्योतीचा रंग पाहा. महिन्यातून एकदा पाइपाच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहा. काडी ओढून गळती कधीही शोधू नका. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत कंपनीच्या अधिकृत माणसाकडून बर्नर आणि पात्या साफ करून घ्या. गॅसचा रबरी पाइप पाच वर्षांनी, आणि चिरा दिसल्यास त्याआधीच बदला. गॅसचा वास आला तर विजेचे कोणतेही बटण दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा, बाहेर या आणि १९०६ या गळतीच्या क्रमांकावर फोन करा. बाजारात सेलवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो. ज्यांना परवडेल त्यांनी जरूर घ्यावा. पण अलार्म आहे म्हणून गिझर आत ठेवू नये.

चार प्रश्न

बाथरूममध्ये पडणारा प्रत्येक माणूस गॅसनेच पडतो असे मात्र नाही. साखर कमी होणे, रक्तदाब उतरणे, हृदयाचे ठोके बिघडणे आणि खरीखुरी फिट ही कारणेही असतात. म्हणून माझा लेख वाचून कोणीही फिटच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत; त्या एकदम सोडल्याने झटके वाढून जिवावर बेतू शकते. पण असा पेशंट आला की मी आता चार प्रश्न विचारल्याशिवाय चिठ्ठी लिहीत नाही. कुठे पडला? गिझर चालू होता का? घरात आणखी कोणाला डोकेदुखी, मळमळ झाली का? मोकळ्या हवेत आणल्यावर किती वेळात बरे वाटले? डॉक्टरांनी विचारले नाही तर तुम्ही होऊन सांगा.

त्या शिक्षकांच्या घरी मी दुसऱ्याच दिवशी गेलो आणि मुलीसमोर, तिच्या आईवडिलांसमोर सांगितले की निदान माझे चुकले. जिल्ह्याच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन गोळ्या हळूहळू कमी करीत बंद केल्या. तिला पुन्हा कधी झटका आला नाही. मोडलेले स्थळ काही परत आले नाही. पुढे दोन वर्षांनी तिचे दुसरीकडे लग्न झाले, त्या आधी नव्या पाहुण्यांना खरा प्रकार समजावून सांगायला मी स्वतः गेलो होतो. तेवढे तरी मी देणे लागत होतो.

गिझर त्यांनी त्याच आठवड्यात मागच्या अंगणात नेला. जुन्या बंबाची जागा रिकामीच होती, तिथेच तो बसला.

वाचकहो, उद्या सकाळी आंघोळीला जाण्यापूर्वी फक्त एक मिनिट काढा. दार उघडे ठेवून नळ सोडा आणि ज्योतीचा रंग पाहा. मग वर छताकडे पाहा, झरोक्याकडे पाहा. ज्योत पिवळी, छत काळे किंवा झरोका बंद दिसला, तर उद्याची आंघोळ चुलीवरच्या पाण्याने करा आणि गिझर बाहेर हलवायला माणूस बोलवा.